टेक-ऑफचा आकडा कोणाकडून घ्यावा?

एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पारा चाळिशीला टेकला की तिथली धावपट्टी विमानाच्या लेखी कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन बसते. तिची समुद्रसपाटीपासूनची उंची १,९४२ फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान धरतात ११ अंशांच्या आसपास. हवा त्याहून २९ अंश अधिक तापली की ती विरळ होते, आणि इंजिनाला व पंखांना सुमारे ५,४०० फुटांवर असल्यासारखी भासते. कळसूबाईची उंची तेवढीच आहे. धावपट्टी मात्र २,५३५ मीटरच राहते. आठ-दहा आसनांच्या जेटला ती एरवी ऐसपैस असते, पण टाक्या भरून सिंगापूरला थेट निघायचे असेल तर किती वजन घेऊन उठता येईल, याचा हिशेब नीट मांडावाच लागतो.

हा हिशेब पूर्वी वैमानिक जाडजूड फ्लाइट मॅन्युअलमधल्या आलेखांवर पट्टी ठेवून करत. आता तो आयपॅडवर होतो. मग कोणते ॲप घ्यायचे हा प्रश्न उठतो आणि अनेकदा तो खराडीसारख्या ठिकाणच्या एखाद्या कार्यालयात, खरेदी विभागाच्या टेबलावर येतो. इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या परिसरात सॉफ्टवेअर लिहिणारे, विकणारे आणि विकत घेणारे एकाच कँटीनमध्ये जेवतात. तीन कोटेशन मागवावीत, डेमो पाहावेत, तुलनेचा तक्ता करावा, ही रीत इथे अंगवळणी पडलेली आहे. पगारपत्रकाच्या किंवा ग्राहकसेवेच्या सॉफ्टवेअरसाठी ती ठीकच आहे. उड्डाणाच्या हिशेबासाठी मात्र ती अपुरी पडते, कारण डेमोत दिसतो तो पडदा, आणि तपासायचा असतो तो पडद्यामागचा विदा.

ॲप नेमके काय काढते ते आधी पाहू. टेक-ऑफला निघालेल्या जेटचे एक इंजिन नेमक्या नको त्या क्षणी बंद पडले, असे गृहीत धरून सगळे गणित चालते. व्ही-वन या वेगाच्या आत बिघाड झाला तर उरलेल्या धावपट्टीत थांबता आले पाहिजे, आणि त्यानंतर झाला तर एका इंजिनावर उठता आले पाहिजे. उठल्यावर चाके आत घेतलेल्या दोन इंजिनांच्या जेटला किमान २.४ टक्के चढ साधावा लागतो. अडथळ्यांचा विचार करताना त्यातूनही ०.८ टक्के वजा करतात आणि उरलेल्या चढाने वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याच्या ३५ फूट वरून जाता येते का ते पाहतात. म्हणजे अगदी काठावरच्या वजनाने निघालेले विमान हिशेबाच्या रेषेवर पाच किलोमीटरमध्ये जेमतेम ८० मीटर चढते. पंचवीसेक मजल्यांची इमारत साधारण तेवढीच असते.

पूर्वेकडे टेक-ऑफ घेतला तर लोहगावच्या धावपट्टीच्या सरळ रेषेत वाघोलीची बाजू येते, खराडी थोडी उजवीकडे राहते. गेल्या वीस वर्षांत या दोन्हीकडे काय उभे राहिले, ते नगर रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगायला नको. इमारतींच्या उंचीला हवाई दलाची ना-हरकत लागते, त्यामुळे सगळे मोकाट आहे असे नाही. पण टॉवर उठतो, त्यावर मोबाईलचा मनोरा चढतो, बांधकामाची क्रेन त्याहून उंच जाते. ॲपमधल्या अडथळ्यांच्या यादीत हे सगळे कधी आणि कोणामार्फत पोहोचते? लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ असल्याने इथे हा प्रश्न मुलकी विमानतळापेक्षा टोकदार होतो.

आता पर्याय. पहिला, विमान बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे साधन: गल्फस्ट्रीमचे प्लेनबुक, दासोचे फाल्कनस्फिअर आणि तशीच इतरांची. यांची बाजू भक्कम आहे. आकडे थेट मान्यताप्राप्त फ्लाइट मॅन्युअलमधून येतात, मॅन्युअल बदलले की साधनही बदलते, आणि वाद झाला तर बोट दाखवायला एकच जागा असते. उणीव अशी की विमानाबद्दल यांना सगळे ठाऊक असते, विमानतळाबद्दल तितके नसते. अडथळे बहुधा वैमानिकानेच भरायचे, किंवा निर्गमन मार्गाच्या नकाशावर छापलेला चढ गाठता येतो का ते पाहायचे. तो छापील चढ सगळी इंजिने चालू आहेत असे धरून ठरवलेला असतो. एका इंजिनावर तोच गाठायचा म्हटले की वजन उतरवावे लागते, म्हणजे इंधन कमी घ्यायचे आणि थेट जाण्याऐवजी मधे कुठेतरी उतरायचे. काळजी म्हणून हे उत्तमच. पण लांबच्या पल्ल्यासाठी म्हणून जेट बाळगणाऱ्या मालकाला ते रुचत नाही, आणि त्याची तक्रार अगदीच चुकीची नसते.

दुसरा पर्याय म्हणजे धावपट्टी-विश्लेषणाची स्वतंत्र सेवा. एपीजी हे त्यातले जुने नाव, त्यांचे आयप्रीफ्लाइट. फोरफ्लाइटसारखी उड्डाण-नियोजनाची ॲपही आता हा हिशेब करू लागली आहेत. या सेवा प्रत्येक धावपट्टीच्या अडथळ्यांचा अभ्यास करतात आणि गरज असेल तिथे इंजिन बंद पडल्यास कुठे वळायचे याचा खास मार्ग आखून देतात. वळून डोंगर टाळता आला तर तो ओलांडण्यासाठी वजन कमी करावे लागत नाही. सह्याद्रीच्या आसपास उडणाऱ्याला या फरकाची किंमत कळते. शिवाय ताफ्यात दोन कंपन्यांची विमाने असतील तर वैमानिकाला एकच पडदा शिकावा लागतो.

पण इथे विश्वास दोनदा ठेवावा लागतो. एकदा, मॅन्युअलचे आलेख त्यांनी अचूक उतरवून घेतले यावर, आणि पुन्हा त्यांच्या अडथळ्यांच्या यादीवर. त्यात नियमांचाही फरक पडतो. अमेरिकी मार्गदर्शनात उड्डाणमार्गाच्या दोन्ही बाजूंचा तपासायचा पट्टा अंतराच्या ६.२५ टक्के दराने रुंदावतो, युरोपीय नियमांत १२.५ टक्क्यांनी. अरुंद पट्ट्यात कमी इमारती येतात, त्यामुळे नेता येणारे वजन जास्त दिसते. दोन ॲप एकाच विमानाला, एकाच धावपट्टीसाठी वेगवेगळे आकडे देतात, त्याचे कारण पुष्कळदा इतके साधे असते. मग तुलनेच्या तक्त्यात जास्त वजन देणारे ॲप 'अधिक कार्यक्षम' या रकान्यात जाऊन बसते.

तिसरा पर्याय खराडीत हमखास सुचतो: आपलीच मुले हुशार आहेत, आपणच एक्सेल किंवा ॲप बनवू. हुशारीबद्दल शंका नाही. विमानोड्डाणाची सॉफ्टवेअर पुण्यात लिहिली जातातच. पण सुधारलेली प्रत्येक आवृत्ती मॅन्युअलशी ताडून पाहायची, त्याच्या नोंदी ठेवायच्या, हवाई वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएपुढे ते मांडायचे, ही कामे एका-दोन विमानांच्या मालकाला झेपणारी नाहीत. हा पर्याय इथेच सोडावा.

निर्मात्याचे साधन म्हणजे आंधळ्या भरवशाची जागा, असेही कोणी समजू नये. २ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेत रॉसवेल येथे गल्फस्ट्रीम जी-६५० चे चाचणी-विमान टेक-ऑफवेळी कोसळले, चौघे गेले. टेक-ऑफचे वेग ठरवतानाच कंपनीची चूक झाली होती, असे तिथल्या तपास यंत्रणेने नोंदवले. ते विमान प्रमाणित होण्याआधीचे होते आणि आज विकत मिळणाऱ्या साधनांशी त्याचा थेट संबंध नाही, हे खरे. तरी ज्याने विमान घडवले त्याचाही आकडा तपासावा लागतो, एवढे त्यातून दिसते.

मात्र आतापर्यंतच्या अपघातांत सॉफ्टवेअरचे गणित चुकल्यापेक्षा त्यात भरलेला आकडा चुकल्याची उदाहरणे ठळक आहेत. १४ ऑक्टोबर २००४ ला कॅनडात हॅलिफॅक्सहून निघालेले मालवाहू ७४७ धावपट्टी संपेपर्यंत उठू शकले नाही, सातही कर्मचारी गेले. लॅपटॉपवरच्या हिशेबात बहुधा आधीच्या, कितीतरी हलक्या फेरीचे वजन तसेच राहिले होते, असा तपासाचा निष्कर्ष. २० मार्च २००९ ला मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या विमानात ३६२.९ टनांच्या जागी २६२.९ टन असे भरले गेले. शेपूट धावपट्टीवर घासत विमान कसेबसे उठले, माणसे वाचली. दोन्ही वेळा ॲपने विचारल्याप्रमाणे बिनचूक उत्तर दिले होते. ही मोठी विमाने, मोठे कर्मचारीवर्ग. बिझनेस जेटमध्ये दोनच वैमानिक असतात, प्रवासी वेळेआधी येतो, बरोबर न सांगितलेल्या दोन जास्तीच्या बॅगा येतात, आणि वजन-संतुलनाचा तक्ता, म्हणजे लोड अँड ट्रिम शीट, शेवटच्या दहा मिनिटांत बदलतो. म्हणून पडद्याची चर्चा करायचीच तर ती याच अंगाने करावी. आधीच्या उड्डाणाचा आकडा ॲप आपोआप पुसते का? दोन्ही वैमानिकांना वेगवेगळ्या आयपॅडवर स्वतंत्र हिशेब करून ताडून पाहता येतो का? विमानाच्या प्रकाराला न शोभणारे वजन भरले तर ते हटकते का?

उतरण्याच्या हिशेबाकडे खरेदी करणारे कमी लक्ष देतात. आपल्याकडे तर तो पावसाळ्याचे चार महिने जास्त महत्त्वाचा. १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट ४५ मुंबईत मुसळधार पावसात धावपट्टीबाहेर घसरले. आतले आठही जण बचावले. त्या अपघाताचे खापर कोणत्याही ॲपवर फोडण्याचे कारण नाही. पण ओली धावपट्टी म्हणजे काय, याचे उत्तर आता एका शब्दात भागत नाही. ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीच्या स्थितीला शून्य ते सहा असा अंक देण्याची पद्धत लागू झाली. हा अंक भरून उतरण्याचे अंतर हवेतच पुन्हा काढता येते का, आणि निघण्यापूर्वीचा नियमातला राखीव भाग व प्रत्यक्ष उतरतानाचे अंतर हे दोन वेगळे दाखवले जातात का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जाता जाता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे ॲपलच सांगते. लोहगावच्या एप्रनवर मे महिन्यात कॉकपिटच्या काचेशी ठेवलेला आयपॅड तापून बंद पडला तर हिशेब कशावर करणार? नेटवर्क नसताना चालणारे ॲप आणि सोबत छापील तक्ते, दोन्ही हवेत.

सगळे तोलून पाहता आमचे मत असे. फक्त मुंबई, दिल्ली, बेंगळुरूच्या लांब धावपट्ट्यांवर हलक्या वजनाने उडणाऱ्याला निर्मात्याचे साधन पुरते. त्याने वरचा खर्च करू नये. लांबचे पल्ले, उन्हाळ्यातली पूर्ण भरलेली उड्डाणे, किंवा बारामती-जळगावसारखे छोटे विमानतळ ज्याच्या वेळापत्रकात आहेत, त्याने धावपट्टी-विश्लेषणाची सेवा घ्यावी, आणि निर्मात्याचे साधन काढून न टाकता तिच्या तपासणीसाठी ठेवावे. दोन्हींचा मिळून खर्च एका वळवलेल्या किंवा रद्द झालेल्या परदेशी फेरीच्या मनस्तापापुढे जड वाटू नये. निवडीचा अंतिम शब्द मुख्य वैमानिकाचा असावा. खरेदी विभागाने दर जरूर पाडून घ्यावा, पण यादीतली नावे ठरवू नयेत.

आणि करारावर सही करण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न लेखी विचारावा: लोहगावच्या अडथळ्यांची तुमच्याकडची यादी कोणत्या तारखेची आहे, आणि ती कोठून घेतली? उत्तरात तारीख नसेल तर सही करू नये.