निलंबित चिमटा

आमच्या बँकेत ‘सस्पेन्शन’ या शब्दाला भारी वजन आहे. तो नुसता कानावर आला तरी काउंटरवरची कुजबुज थांबते. त्यामुळे माउंटन बाइकच्या पुढच्या चिमट्याला ‘सस्पेन्शन फोर्क’ म्हणतात हे कळल्यापासून मला त्याच्याविषयी आपुलकी आहे. बिचारा जन्मतःच निलंबित!

माझा चिमटा सोळा वर्षांचा. डोंगरगणची खडी त्याने खाल्ली, चांदबीबी महालाचा चढही केला. (नाव चांदबीबीचं, थडगं सलाबतखानाचं. चुकीच्या खात्यावर जमा होण्याची परंपरा नगरला जुनी आहे.) आता तो दबताना कुरकुरतो आणि दबला की वर यायला तयार नसतो.

यावर दुकानदार म्हणतो, “साहेब, चिमट्याची किंमत हजार, सर्व्हिसचा खर्च अडीच हजार. टाकून द्या!”

माझं भांडण आहे ते या हिशेबाशी. अहो, मी बी.कॉम. आहे! घसारा वजा जाता उरलेली किंमत विकणाऱ्याने बघावी. मला चिमटा विकायचा नाही, चालवायचाय. चालवणाऱ्याने दुरुस्तीचा खर्च नव्या मालाच्या खर्चाशी ताडून पाहावा. आणि नवा माल कसा? चांगले फोर्क आता बहुतेक २७.५ किंवा २९ इंची चाकांचे, डिस्क ब्रेकचे, वरची नळी खाली जाड होत गेलेली. माझं चाक २६ इंची, ब्रेक रिमवर दाबणारे, फ्रेमची मान सरळ नळीची. म्हणजे चिमट्यापायी चाक, चाकापायी ब्रेक आणि शेवटी अख्खी सायकल. बटण तुटलं म्हणून सदराच नवा शिवायचा!

बरं, आत असतं काय? दोन नळ्यांत सरकणाऱ्या दोन नळ्या, स्प्रिंग किंवा हवा, थोडं तेल, ग्रीस आणि तोंडाशी रबरी सील. आधी खराब होतं ते तेल आणि रबर. रॉकशॉक्ससारखी कंपनी तर खालच्या नळ्या दर ५० तासांनी उघडून साफ करा म्हणते. सोळा वर्षांनी ओव्हरहॉलिंग मागणं म्हणजे काय चैन झाली?

जुनं ते सोनं, असं मात्र मी म्हणत नाही. बँकेत कारकुनालासुद्धा चौकशीशिवाय बडतर्फ करत नाहीत. चिमट्यालाही तेवढाच न्याय द्या. नळीवर नख फिरवा. मुलामा उडून चर पडले असतील, तर नवं सीलही टिकायचं नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खडखड मानेतली नसून नळ्यांतली असेल, तर आतले बुश गेले. कुठे तडा असेल, सील मिळत नसेल, किंवा चिमटा मुळात उघडण्याजोगा बनवलेलाच नसेल, तर खुशाल भंगारात घाला. माझ्या चिमट्याच्या नळ्या गुळगुळीत आहेत, बुश घट्ट आहेत, फक्त सील वाळलंय. आरोपी निर्दोष!

पण चौकशी करतो कोण? तासावर भाड्याने सायकली देणारे चाचा एकेक छरा पुसून परत बसवायचे. आता पाना हातात घेण्याआधी कॅटलॉग पुढे येतो. आपण ‘उघडून बघा’ म्हणायचं सोडलं, तर उघडता येणारा माणूसही उरणार नाही.

माझीही चाळिशी उलटलीय. उठताना गुडघे कुरकुरतात. बाजारात नवे गुडघेही मिळतात म्हणे. तेव्हा ‘दुरुस्ती परवडत नाही, नवीनच टाका’ हा सिद्धांत फार फोफावण्याआधीच त्याला विरोध केलेला बरा.