चार फिन, दोन पॅड, एक स्क्रूड्रायव्हर

काइटबोर्डिंगमध्ये सगळा भाव खाऊन जाते ती काइट. फोटोत तीच, गप्पांत तीच, ईएमआयसुद्धा तिचाच. बोर्डाखाली दोन्ही टोकांना दोन-दोन असे चार चिमुकले फिन असतात, त्यांना विचारतो कोण? पण मंडळी, शुक्रवारची रात्रबस पकडून मोरजीला गाठलेला वीकेंड वसूल होणार की बोर्ड काखोटीला मारून वाळू तुडवण्यात जाणार, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

फेब्रुवारी ते एप्रिल इथला वारा दुपारी समुद्राकडून उठतो आणि संध्याकाळी गळतो. हातात जेमतेम तीन-चार तास. वाऱ्याबरोबर घसरत जाणं कुणालाही जमतं; निघालो तिथे परत येणं, म्हणजे अपविंड, ही खरी परीक्षा. टाचेकडची कड पाण्यात रुतवायची आणि फिननी ती निसटू द्यायची नाही, एवढाच फंडा.

ट्विन-टिप बोर्डाला साधारण ४ ते ५ सेंटीमीटरचे फिन लागतात. नवशिक्यांनी मोठे लावावेत, असं माझं स्पष्ट मत. कडेवरचा जोर थोडा कमी पडला तरी ते सांभाळून घेतात. बदल्यात बोर्ड जरा जड चालतो, वळताना कुरकुरतो आणि उथळ पाण्यात फिन आधी वाळूला लागतात. लहान फिनचा बोर्ड मोकळा असतो. उडी मारून उतरताना तो किंचित सरकतो, त्यामुळे गुडघ्याला झटका कमी. पण व्हिडिओ बघून पहिल्याच महिन्यात बारके फिन लावणारे वीर आहेत ना, त्यांना परतताना चालतच यावं लागतं. बिचारे.

आणि पुष्कळदा फिनवर उगाच खापर फुटतं. दोष असतो फूटपॅडचा. भाड्याचा बोर्ड आदल्या दिवशी कुणा सहाफुटी पाहुण्याने वापरलेला, पॅडमधलं अंतर त्याच्या तंगड्यांचं. आपण त्यावर पाय फाकून उभे! गुडघे वाकत नाहीत, वजन मागच्या पायावर जातं, बोर्डाची शेपटी बुडते आणि नाक वर. मग फिन काय करणार? मी पॅड खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद, मध्यापासून सारख्या अंतरावर आणि किंचित बाहेर वळवून लावते. पाण्यात पुढचा पाय जवळजवळ सरळ, कंबर पुढे, जोर टाचांवर. ऑफिसच्या खुर्चीत वाकलेल्या पाठीला हे पटायला वेळ लागतो, पण पटतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला, बॉस. फिन आणि पॅड एकदम हलवले तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. त्याच दुपारी, त्याच वाऱ्यात, आधी ५ चे, मग ४ चे.

पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक फिन बोटांनी हलवून बघा. ढिला असेल तर कसा, पण पैलवानी नको, फिनमधले आटे जातात. मोसम संपला की बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन स्क्रू काढून डबीत ठेवा. नाहीतर पुढच्या फेब्रुवारीत ते जागचे हलणार नाहीत आणि तुमची पहिली दुपार हार्डवेअरच्या दुकानात जाईल.