दुकानाची नवी पाटी

दुकान लहान असो वा मोठें, त्याच्या दारावरील पाटीचें काम एकच असतें: आंत काय मिळतें, तें रस्त्यानें जाणाऱ्यास सांगणें. 'येथें दळण दळून मिळेल' एवढेंच लिहिणाऱ्या गिरणीवाल्यास साहित्याची पदवी नसली, तरी लेखनाचा मुख्य धर्म त्यास ठाऊक असतो. हल्लीं ही पाटी इंटरनेटवरील संकेतस्थळावर चढली आहे, आणि तेथें चढतांना तिची वाचाच बसली, अशी आमची तक्रार आहे.

कोंकणांतील एखाद्या लहान आंबेविक्याचें संकेतस्थळ घ्या. पहिल्याच ओळींत 'उत्कृष्टतेच्या ध्यासानें प्रेरित होऊन ग्राहकसमाधानाचे नवे मापदंड प्रस्थापित करणारें विश्वासार्ह नांव' अशा थाटाचें कांहीं तरी वाचावयास मिळतें. हें वाक्य उचलून सिमेंटच्या वखारीवर किंवा शिकवणीच्या वर्गावर डकविलें, तरी त्यांतील एक अक्षर बदलावें लागणार नाहीं. आणि जें वाक्य सर्वांस लागू पडतें, तें कोणाचेंच नसतें. त्याखालीं 'हापूस आंबा, उत्तम हापूस, स्वस्त हापूस, हापूस पुणें, हापूस मुंबई' अशी जपमाळ ओढलेली असते. पहिला भाग गिऱ्हाइकास दिपविण्यासाठीं आणि दुसरा यंत्रास फसविण्यासाठीं! पुण्यांतील गृहिणीस जें हवें असतें, म्हणजे आंबा देवगडचा कीं रत्नागिरीचा, पेटींत डझन किती, तो गवताच्या आढींत पिकविला कीं दुसऱ्या रीतीनें, घरीं केव्हां पोंचेल, नासका निघाल्यास पैसे परत मिळतील काय, त्याविषयीं मात्र चकार शब्द नसतो.

या लेखनाचे कैवारी म्हणतात, "शोधयंत्रास असेंच लागतें." एके काळीं या म्हणण्यांत कांहीं तथ्य होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पहिलीं शोधयंत्रें एखादा शब्द पानावर कितीदां आला, यावर बरीच भिस्त ठेवीत. शिवाय वाचकास न दिसणारी शब्दांची एक यादी पानाच्या पोटांत दडविण्याची सोय होती. परंतु १९९८ सालीं स्थापन झालेल्या गूगलनें, इतर पानें कोणत्या पानाकडे बोट दाखवितात, या गोष्टीस महत्त्व दिलें. आणि त्या छुप्या यादीचा आपण क्रम लावतांना विचारच करीत नाहीं, असें २००९ सालीं उघडपणें सांगून टाकलें. त्यापूर्वीं, २००६ सालीं, बी.एम्.डब्ल्यू. या मोटारींच्या बलाढ्य कंपनीच्या जर्मन संकेतस्थळानें यंत्रासाठीं एक पान आणि माणसासाठीं दुसरें, असा डाव रचला, तेव्हां गूगलनें तें स्थळ आपल्या सूचींतून काढून टाकलें. फसवीं पानें हटविल्यावर कांहीं दिवसांनीं त्यास परत प्रवेश मिळाला. पुढें २०११ सालीं 'पांडा' नांवाच्या फेरबदलानें निःसत्त्व व उसन्या मजकुराचीं पानें खालीं ढकललीं गेलीं.

मोठ्या कंपनीस कांहीं दिवसांचें हें अज्ञातवासाचें प्रायश्चित्त सोसवलें. आमच्या आंबेविक्यास तें सोसवेल काय? त्याची खरी विक्री दोन-अडीच महिन्यांची. ऐन एप्रिलांत त्याचें पान दिसेनासें झालें, तर त्याचें वर्षच बुडालें. ज्यानें त्यास ही युक्ति विकली, तो आपली फी घेऊन केव्हांच दुसऱ्या दाराशीं गेलेला असतो.

मग यंत्रास लागतें तरी काय? बहुतांशीं गिऱ्हाइकास जें लागतें, तेंच. पानाचें शीर्षक 'मुखपृष्ठ' असें न ठेवतां 'देवगड हापूस : पुण्यांत घरपोच' असें ठेवावें. एका पानावर एकच विषय असावा. शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडचे असावेत. 'आम्रफल' शोधीत कोणी येत नाहीं, 'हापूसची पेटी' शोधीत येतात. शीर्षकाखालीं दिसणारे दोन ओळींचें वर्णन क्रम ठरवीत नाहीं, परंतु दार उघडावें कीं नाहीं, हें गिऱ्हाईक पुष्कळदां त्यावरूनच ठरवितें. भावाचा तक्ता चित्र करून चिकटवूं नये. चित्रांत गोठलेलीं अक्षरें यंत्रास खात्रीनें वाचतां येत नाहींत, आणि अंध गिऱ्हाइकाचा मोबाइलही तीं वाचून दाखवीलच असें नाहीं.

'अस्सल' या विशेषणाची तर आम्हांस कींव येते. कोंकणांतील हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. जो बागायतदार त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे, त्यानें 'अस्सल' दहादां न लिहितां आपला नोंदणीक्रमांक एकदां लिहावा. तसेंच, कार्बाइडनें फळें पिकविण्यास कायद्यानेंच बंदी आहे. तेव्हां 'आम्ही कार्बाइड वापरीत नाहीं' ही कांहीं बढाई नव्हे. आंबा पिकविला कसा, तें सांगावें.

दुसरा आक्षेप असा कीं, मराठींत कोण शोधतो? वास्तविक युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतांत देवनागरी १९९१ पासूनच आहे, '.भारत' हा देवनागरी पत्ता २०१४ पासून मिळतो. आणि गूगलला मराठींत बोलून प्रश्न विचारण्याची सोय २०१७ सालीं झाली. अडचण निराळीच आहे. छापखान्यांत जुन्या फाँटांत जुळविलेलें पत्रक जसेंच्या तसें उचललें जातें. त्या फाँटांत रोमन अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढविलेले असतात. मुखवटा गळतांच यंत्रापुढें निरर्थक रोमन अक्षरांची रास उरते. हा दोष छापखान्याच्या फाँटाचा आहे. त्याचें खापर मराठीच्या माथीं कशासाठीं फोडावयाचें?

आतां नवा युक्तिवाद ऐकूं येतो: यंत्र हल्लीं स्वतःच उत्तर रचून देतें, मग पान लिहा कशाला? परंतु तें उत्तर तरी कोणाच्या तरी लेखनांतूनच उचललेलें असतें. 'पेटींत पांच डझन, मंगळवारीं पुण्यांत पोंच' यांतून उत्तर निघतें. 'नवे मापदंड' यांतून काय निघणार?

म्हणून आमचें व्यापाऱ्यांच्या सुशिक्षित मुलामुलींस सांगणें आहे कीं, हें लेखन भाड्यानें देऊं नका. फोनवर गिऱ्हाइकें जे प्रश्न विचारतात, ते आठवडाभर वहींत टिपून ठेवा आणि वडील त्यांस जीं उत्तरें देतात, तींच नीट मराठींत पानावर उतरवा. माल पाहण्यापूर्वीं गिऱ्हाइकाच्या हातीं व्यापाऱ्याचा शब्द तेवढा असतो. तो खरा आणि स्पष्ट असावा, एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे.