‘काली’ची दंतकथा आणि आभासी ऋणाग्राचे सत्य

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक जुनीच चित्रफीत नव्याने फिरू लागते. भारताकडे ‘काली’ नावाचे गुप्त लेसर अस्त्र आहे, ते शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच वितळवते, आणि एप्रिल 2012 मध्ये सियाचीनजवळच्या गयारी येथे पाकिस्तानी तळावर कोसळलेले हिमस्खलनही त्यानेच घडवले, असे तिच्यात ठासून सांगितलेले असते. त्या दुर्घटनेत 140 माणसे बर्फाखाली गाडली गेली. तिच्यावर विजयोत्सव साजरा करणे अशोभनीय आहेच. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने निदान गणित तरी करून पाहावे.

‘काली’ हे ‘किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर’ या नावाचे लघुरूप. देवीशी त्याचा संबंध केवळ आद्याक्षरांचा. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला हा इलेक्ट्रॉन त्वरक आहे, लेसर नव्हे. ‘काली-5000’चे ठोकळ आकडे असे : दाब 10 लाख व्होल्ट, प्रवाह 40 हजार अँपिअर, स्पंदाचा कालावधी सुमारे 100 नॅनोसेकंद. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार 40 गिगावॅट येतो, आणि चित्रफितींचे निवेदक नेमके तेथेच थांबतात. पुढे कालावधीने गुणले की उरतात 4 हजार ज्यूल. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे तापमान जेमतेम एक अंशाने वाढेल. शिवाय 10 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन हवेत चारेक मीटर गेला की थांबतो. हिमशिखरे दूरच राहिली.

मग या यंत्राचे महत्त्व कशात? माझ्या मते, दंतकथेहून कितीतरी अधिक विस्मयकारक अशा एका घटनेत. इलेक्ट्रॉन परस्परांना दूर लोटतात, त्यामुळे दिलेल्या विद्युतदाबाखाली एका मर्यादेपलीकडे प्रवाह वाहूच शकत नाही. चाइल्ड (1911) आणि लँगम्यूर (1913) यांनी हे निर्वात नळीच्या संदर्भात दाखवून दिले. आता जाळीदार धनाग्रातून पार झालेली इलेक्ट्रॉन शलाका पुढच्या मोकळ्या नळीत शिरते अशी कल्पना करा. त्या नळीलाही अशीच प्रवाहमर्यादा असते. शलाका ती ओलांडू लागली की इलेक्ट्रॉनांची दाटी होते आणि त्या दाटीच्या ऋणप्रभाराने विभवाचा एक खोल खड्डा पडतो. मागून येणारे इलेक्ट्रॉन तेथे थबकतात. काही परत फिरतात, काही पुढे निसटतात. धातूचा तुकडाही नसलेल्या त्या पोकळीत जणू दुसरे ऋणाग्र उभे राहते. हेच आभासी ऋणाग्र.

ते स्थिर राहत नाही. त्याची जागा आणि खोली सतत झुलत राहते, आणि परावर्तित इलेक्ट्रॉन खऱ्या व आभासी ऋणाग्रांमध्ये हेलकावे घेत राहतात. या दोन्ही आंदोलनांतून सूक्ष्मलहरी बाहेर पडतात. शलाकेतील प्रभाराची घनता वाढली की वारंवारताही वाढते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावण्याची गरज नाही, रचना अतिशय साधी. मात्र कार्यक्षमता बहुधा काही टक्क्यांपलीकडे जात नाही. तरीही 40 गिगावॅटच्या शलाकेतून टक्काभर जरी सूक्ष्मलहरी मिळाल्या, तरी क्षणापुरती ती 400 मेगावॅट शक्ती होते. पाणी तापवायला ती कुचकामी. पण नाजूक अर्धवाहक मंडलांना असा क्षणिक आघात सोसवत नाही. म्हणूनच आपल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तो आघात झेलू शकतात का, हे तपासण्यासाठी असे स्रोत मोलाचे ठरतात.

आयनांची कथा तर याहून सुरस. नळीत थोडा वायू सोडला की शलाका त्याचे आयनीभवन करते आणि धन आयन त्या खड्ड्याकडे ओढले जातात. खड्डा जागचा हलला नसता, तर आयनाने एका काठाने उतरताना जे कमावले ते दुसऱ्या काठाने चढताना गमावले असते. पण खड्डाच पुढे सरकतो आणि आयन त्याच्या उतारावर वाहून नेला जातो. ग्रेबिल आणि उग्लम यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आयनांची ऊर्जा मूळ इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या कित्येक पट आढळली होती. एकट्या इलेक्ट्रॉनाला जे साधत नाही, ते त्यांच्या समूहाला साधते.

हे सारे ज्ञान खुले आहे. ‘काली-5000’वरील आभासी ऋणाग्राच्या प्रयोगांचे शोधनिबंध भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले आहेत. उलट संसदेत प्रश्न आला तेव्हा तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी माहिती संवेदनशील असल्याचे सांगून उत्तर टाळले. सैनिकी उपयोगाबाबत मौन पाळणे समजण्यासारखे आहे. परंतु भौतिकीबाबतही मौन राहिले, तर ती पोकळी अफवांनीच भरणार. (पोकळीत काय काय उभे राहते, हे आपण आताच पाहिले!) यंत्राचे तत्त्व चार पानांत, देशी भाषांमधून, आकड्यांसह समजावून सांगितल्याने कोणते गुपित फुटणार आहे? त्वरक उभारणाऱ्या अभियंत्यांच्या श्रमांना ‘गुप्त लेसर’ म्हणवून घेण्यापेक्षा अधिक न्याय मिळायला हवा.

विद्यार्थ्यांनी मात्र कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. एकमितीय नमुना, काही हजार आभासी इलेक्ट्रॉन, त्यांच्यातील विद्युतक्षेत्र काढण्यासाठी प्वासाँचे समीकरण आणि न्यूटनचा दुसरा नियम : एवढ्या भांडवलावर साध्या लॅपटॉपवर हा प्रयोग मांडता येतो. प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा. मर्यादा ओलांडताच पडद्यावरचे ठिपके मध्येच थबकतात, मागे वळतात, आणि तो खड्डा झुलू लागतो.