यंत्रभाषेचे वाचन

२०१० साली स्टक्सनेट हा संगणक-विषाणू सापडला, तेव्हा अभ्यासकांच्या हाती मूळ आज्ञावली नव्हती. होती ती केवळ यंत्रभाषा. ती आज्ञेमागून आज्ञा उलट उलगडत त्यांनी निष्कर्ष काढला, की विषाणूचा रोख इराणमधील नतान्झच्या सेंट्रिफ्यूजवर आहे. सांचीच्या लेखांच्या अखेरीस वारंवार येणारी अक्षरे ‘दानं’ म्हणून ओळखून १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली. हे काम त्याच जातीचे. त्यात झगमगाट नाही, कंटाळा मात्र पुष्कळ! तरीही आपल्या विद्यार्थ्यांना संगणकावर टंकलेखनापुरतेच थांबवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्यांना सी शिकवावी, असेंब्ली शिकवावी. उलट-उलगड्याचे ‘घिड्रा’ हे साधन २०१९ पासून विनामूल्य आहे. रात्रीच्या अभ्यासिकेतील एक तास मात्र त्यासाठी राखून ठेवावा लागेल.