नकार, पण स्नेहाचा

चांदूर बाजारच्या संत्र्यांच्या मुलखात लहान मूलही जाणते की, दुसऱ्याचे फळ फांदीस बांधल्याने आपले झाड फळत नाही. तरीही शाळेच्या वाटेवर “गड्या, गणिताची वही दे ना, उतरून घेतो,” हे शब्द नित्य कानी पडतात. परीक्षेतील गैरप्रकारांस महाराष्ट्रात १९८२ सालचा कायदा आहे. घरच्या अभ्यासाच्या वहीस मात्र मुलाच्या जिभेवाचून राखणदार नाही. नुसते ‘नाही’ म्हटल्यास मित्र दुखावतो; वही दिल्यास तो कच्चाच राहतो. “वही देत नाही, संध्याकाळी घरी ये, दोघे मिळून सोडवू,” एवढे मुलास म्हणता यावे. तेव्हा वडील मंडळींनी “दे की, तुझे काय जाते?” असे म्हणू नये, आलेल्या मुलास ओसरीवर जागा करून द्यावी, इतकेच आमचे मागणे.