मामांच्या १६१ खेपा

मुलांनो, गेल्या पालकसभेला तुमच्या या बाईंची चांगलीच फजिती झाली! शाळेच्या वाचनालयासाठी मी संगणकावर एक पान केलं होतं. वर्गातली ४० मुलं आणि प्रत्येकानं नेलेली पुस्तकं, सगळं एकाच पानावर. घरी चारच नावं घालून पाहिलं, तेव्हा झटकन उघडलं. सभेत मात्र नुसतं चक्र फिरत राहिलं. एका मुलीचे बाबा अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आले होते. लेकीनं काय काय वाचलं, ते त्यांना बघायचं होतं. थोडं थांबले, "येतो बाई" म्हणाले आणि गेले.

चुकलं कुठे? समजा, कपाटात तीन वह्या आहेत. एकीत मुलं, दुसरीत पुस्तकं नेल्याच्या चिठ्ठ्या, तिसरीत पुस्तकं. चिठ्ठीवर मुलाचा नि पुस्तकाचा फक्त नंबर. (माहिती अशी वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली.) मी शिपाईमामांना आधी मुलांची यादी आणायला धाडलं. १ खेप. मग एकेका मुलाच्या चिठ्ठ्या आणायला ४० खेपा. प्रत्येकाच्या तीन चिठ्ठ्या, म्हणून पुस्तकांच्या नावांसाठी आणखी १२०. दोघांनी एकच पुस्तक नेलेलं असलं, तरी मामा पुन्हा जाणारच! झाल्या ना १६१? संगणकात या खेपेला 'क्वेरी' म्हणतात.

माझं पान 'लारावेल'मध्ये आहे. लारावेल म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, फ्रेमवर्क. त्यात 'विथ' अशी एक सोय असते. मी तिथे लिहिलं, 'चिठ्ठ्या.पुस्तक'. मधलं ते टिंब पाहिलंत? करामत त्याचीच. चिठ्ठ्या आणा आणि त्यांच्यावरची पुस्तकंही आणा, असा त्याचा अर्थ. आता मामा आधी यादी आणतात. मग चाळीसही नंबर एका कागदावर लिहून सगळ्या चिठ्ठ्या एकदम. मग चिठ्ठ्यांवरचे नंबर घेऊन सगळी पुस्तकं एकदम. तीन खेपा! कोणाचं काय, ती जुळवाजुळव टेबलावर बसून. मात्र नको ते सगळंच मागवलं, तर टेबलावर जागा उरत नाही हं.

त्या बाबांना निरोप धाडलाय, शनिवारी या म्हणून.

आता तुमचं काम. चौथ्या वहीत लेखक आहेत. प्रत्येक पुस्तकाचा एकच लेखक, त्याचंही नाव पानावर हवंय. जुन्या पद्धतीनं किती खेपा? नव्या पद्धतीनं किती? उत्तर पुढच्या अंकात!